पैसा उना का? खानदेशातल्या शेतकऱ्यासाठी अनुदानाची वाट, सातबाऱ्यापासून पासबुकापर्यंत

हप्ता पडल्याची बातमी टीव्हीवर आली की आमच्या पारावर एकच प्रश्न फिरतो, "पैसा उना का?" म्हणजे पैसा आला का? चौघांना आलेला असतो, दोघांना नसतो. मग ते दोघं सरकार, बँक आणि तलाठी या तिघांचा एका दमात उद्धार करतात. कापूस-मक्याची शेती सांभाळून गावातल्यांचे अर्ज मोबाईलवर बघून द्यायचं काम गेली काही वर्षं माझ्याकडे आपोआप आलंय. त्यातून एक गोष्ट पक्की कळली. माणूस अपात्र आहे म्हणून पैसा अडला, अशी प्रकरणं थोडी. बहुतेक वेळा माणूस पात्र असतो, अर्जही मंजूर असतो, पण आधारवरचा, सातबाऱ्यावरचा आणि बँकेतला असे तीन वेगळे इसम संगणकाला दिसतात. म्हणून योजनांची नावं पाठ करण्याआधी हे तिघं एक करायचे. लेखाचा क्रमही तोच ठेवलाय.

आधी नाव जुळवा

एका दुपारी घरातले सगळे कागद ओट्यावर पसरा. ज्यांच्या नावावर जमीन आहे त्या प्रत्येकाचं आधार कार्ड, सातबारा, आठ-अ (खात्यावरची सगळी जमीन दाखवणारा उतारा) आणि पासबुक. पाच वर्षांपूर्वीचा घडी पडलेला सातबारा नको. महाभूमीच्या संकेतस्थळावरून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा १५ रुपयांत निघतो. त्याच्यावर तलाठ्याच्या सही-शिक्क्याची गरज नसते.

आता नाव अक्षर न अक्षर ताडून बघा. आमच्याकडचा नेहमीचा घोळ असा की सातबाऱ्यावर 'दगा', आधारवर 'दगडू' आणि पासबुकात इंग्रजी स्पेलिंगचं तिसरंच काही. बायकांच्या बाबतीत माहेरचं नाव सातबाऱ्यावर आणि सासरचं आधारवर, हे तर ठरलेलंच. काही जुन्या खात्यांवर आडनावच नाही. त्या काळी तलाठ्याने गावात हाक मारतात तसं लिहून ठेवलं, आणि पन्नास वर्षं कोणाचं काही बिघडलं नाही. बिघडलं ते आता, कारण नाव ताडून बघणारा माणूस राहिला नाही, यंत्र आलं.

दुरुस्ती कुठे करायची? जिथे चूक आहे तिथेच. आधारवर नाव बदलणं सोपं वाटतं म्हणून लोक पहिल्यांदा तिकडेच धावतात. पण आधारवरचं नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं, आणि ते बदललं की पॅन, बँक, रेशन सगळं पुन्हा जुळवावं लागतं. सातबाऱ्यावर लेखनाची चूक असेल तर महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम १९६६ च्या कलम १५५ खाली तहसीलदारांकडे अर्ज करता येतो. सोबत जुना हस्तलिखित सातबारा आणि ज्या फेरफाराने नाव लागलं त्याची नक्कल जोडा. जुन्या नोंदीत बरोबर आणि संगणकीकरणात चुकलेलं असेल, तर काम लवकर होतं. खरेदीखतातच नाव चुकलेलं असेल तर हा मार्ग नाही, तिथे चूक-दुरुस्ती दस्त लागतो.

याहून मोठी अडचण म्हणजे जमीन अजून वारलेल्या वडलांच्या नाहीतर आजोबांच्या नावावर असणं. कसणारा कसतोय, पण कागदावर मालक देवाघरी. अशा शेतावर एकही योजना बसत नाही. वारस नोंदीचा अर्ज ई-हक्क प्रणालीवरून घरबसल्या करता येतो. मृत्यूचा दाखला, वारसांचं प्रतिज्ञापत्र आणि सातबारा-आठ अ एवढे कागद लागतात. तलाठी फेरफार धरतो, हरकतीसाठी नोटिशीची मुदत जाते, मग मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतात. महसूल विभागाने २०२५ मध्ये 'जिवंत सातबारा' मोहीम काढली ती याचसाठी. अजून नोंद बाकी असेल तर दुसरं सगळं बाजूला ठेवा आणि आधी हे उरका.

सामाईक खातं असेल तर बहुतेक योजनांना बाकीच्या खातेदारांचं संमतीपत्र लागतं. हा साधा कागद, पण मी पाहिलेल्या कागदांत सगळ्यात महाग. एका सहीसाठी भावाने भावाला दोन हंगाम ताटकळत ठेवलेलं बघितलंय. एकमत असेल तर कलम ८५ खाली तहसीलदारांकडे वाटप करून खाती वेगळी करून घ्या. भांडण नसताना केलं तर हे काम स्वस्तात होतं.

पैसा कोणत्या बँकेत जातो?

अर्जावर खाते क्रमांक कोणताही लिहा, आधारवर आधारलेला पैसा त्या क्रमांकावर जात नाही. तो जातो, आधार ज्या बँकेशी सगळ्यात शेवटी जोडलं त्या बँकेत. ही नोंद एनपीसीआय या संस्थेकडे असते. 'बँकेत आधार दिलंय' म्हणजे तिथे केवायसी झाली, एवढंच. अनुदानासाठी आधार सीडिंग, म्हणजे पैसा यावा म्हणून खात्याशी आधार जोडणं, वेगळं असतं आणि त्याचा संमती अर्ज वेगळा भरून द्यावा लागतो. बँकेतला माणूस "लिंक आहे ना तुमचं" म्हणून उठवतो. तेव्हा हलायचं नाही. "लिंक नको, डीबीटीसाठी सीडिंग आहे का ते बघा," असं स्पष्ट विचारायचं. डीबीटी म्हणजे सरकारी पैसा थेट खात्यात.

आमच्या गल्लीतल्या एका मावशींचे पीएम-किसानचे, म्हणजे केंद्राच्या शेतकरी निधीचे, तीन हप्ते आले नाहीत. बँकेत चार चकरा झाल्या, प्रत्येक वेळी एकच उत्तर, "वरूनच आला नाही." पीएम-किसानच्या संकेतस्थळावर त्यांची स्थिती उघडली, तर तिन्ही हप्ते जमा दाखवत होते. मग आधारच्या संकेतस्थळावर बँक सीडिंग स्थिती बघितली. बँकेचं नाव असं निघालं की मावशींनी जन्मात ऐकलेलं नाही. विचारता विचारता आठवलं, बाजाराच्या दिवशी मोबाईलचं सिम घेताना दुकानदाराने अंगठा दोनदा लावून घेतला होता. "पहिला नीट उठला नाही, असं बोलला ना तो." दुसऱ्या अंगठ्यात त्यांचं खातं उघडलं गेलं होतं, आणि आधारही तिकडे जोडलं गेलं होतं. सहा हजार तिथे सुखरूप पडलेले. गावातल्या ग्राहक सेवा केंद्रावर अंगठा लावला आणि दोन खेपेत काढले. मावशी नोटा मोजत होत्या, आणि मी मनात त्या चार चकरांचं बसभाडं मोजत होतो.

म्हणून हे आजच बघा. आधार क्रमांक आणि ओटीपी टाकून आधारच्या संकेतस्थळावर बँक सीडिंग स्थिती दिसते. साध्या मोबाईलवरून *९९*९९*१# लावूनही कळतं. चुकीची बँक दिसली तर ज्या बँकेत पैसा हवा तिथे सीडिंगचा अर्ज द्या, जुनी जोडणी आपोआप सुटते. आठ-दहा दिवसांनी पुन्हा तपासा, कारण अर्ज काउंटरच्या फायलीत राहून जाणं ही काही नवलाची गोष्ट नाही. आणि आधारला मोबाईल नंबर जोडलेला नसेल, तर ते पाऊणशे रुपयांचं काम सगळ्यात आधी.

फार्मर आयडी: एकदाच काढा, पण पूर्ण काढा

१५ एप्रिल २०२५ पासून राज्याच्या कृषी योजनांना शेतकरी ओळख क्रमांक लागतो. सगळे त्याला फार्मर आयडीच म्हणतात. ॲग्रिस्टॅक नावाच्या व्यवस्थेत आधार आणि जमीन एकत्र बांधून हा क्रमांक मिळतो. सीएससी, म्हणजे ऑनलाइन अर्ज भरून देणाऱ्या केंद्रावर, किंवा स्वतः मोबाईलवरून नोंदणी करता येते. आधारचा ओटीपी येतो, मग आपले गट निवडायचे, शेवटी ई-स्वाक्षरी. लगेच मिळतो तो नोंदणी क्रमांक. महसूल विभागाची मंजुरी झाली की खरा आयडी येतो. नोंदणीची पावती दाखवून "माझा आयडी आहे" म्हणणारे निम्मे लोक इथेच फसलेले असतात.

खरी चूक गट निवडताना होते. घाईत केंद्रवाला समोर दिसलेला पहिला गट जोडतो आणि मोकळा होतो. माझी स्वतःची जमीन दोन गावच्या शिवारात आहे, एक तुकडा नदीकाठी, दुसरा माळावर. पहिल्यांदा नोंदणी केली तेव्हा माळाचा गट राहूनच गेला, आणि पुढे त्या शेतावर अर्ज करायला गेलो तर तो यादीतच नाही. तेव्हा आठ-अ हातात धरून बसा आणि प्रत्येक गावातला प्रत्येक गट जोडल्याशिवाय केंद्रावरून उठू नका. जमीन घेतली, विकली, वाटली तर आयडीतही ते अद्ययावत करावं लागतं. क्रमांक तोच राहतो.

पीएम-किसान आणि नमो शेतकरी

या दोन्ही योजना सगळ्यांच्या तोंडी आहेत, म्हणून थोडक्यात. केंद्राची पीएम-किसान फेब्रुवारी २०१९ मध्ये सुरू झाली. वर्षाला ६,००० रुपये, २,००० चे तीन हप्ते. आधी दोन हेक्टरची अट होती, ती त्याच वर्षी निघाली. राज्याची नमो शेतकरी महासन्मान निधी योजना २०२३ मध्ये आली, तिचे अजून ६,०००. नमोसाठी वेगळा अर्ज नाही, पीएम-किसानच्याच यादीवरून पैसा येतो. पीएम-किसान अडलं की नमोही अडतं ते म्हणूनच.

कुटुंब म्हणजे नवरा, बायको आणि अज्ञान मुलं, आणि एका कुटुंबात लाभ एकालाच. आयकर भरणारे, सरकारी नोकर (चतुर्थ श्रेणी सोडून), महिना १०,००० किंवा जास्त पेन्शन घेणारे, व्यवसाय करणारे डॉक्टर, वकील, इंजिनिअर, सीए हे बाद. जमीन १ फेब्रुवारी २०१९ पूर्वी नावावर असावी लागते. त्यानंतर फक्त वारसाहक्काने आलेली चालते. नवरा-बायको दोघांनी घेतलेला लाभ आणि या तारखेनंतर विकत घेतलेली जमीन, अशी नावं २०२५ पासून तपासणीसाठी थांबवली जातात. असा हप्ता थांबला असेल तर तालुका कृषी कार्यालयात कागद घेऊन जा. घरी बसून काही सुटत नाही.

स्थिती बघायला नोंदणी क्रमांक लागतो, तो नसेल तर मोबाईल किंवा आधार टाकून तिथेच शोधता येतो. पान उघडल्यावर तीन गोष्टींपुढे 'येस' आहे का ते बघा, ई-केवायसी (ओळख पडताळणी), लँड सीडिंग (जमिनीची नोंद जोडलेली असणं) आणि आधार बँक सीडिंग. ई-केवायसी ओटीपीने होते, केंद्रावर अंगठ्याने होते, आणि २०२३ पासून ॲपमध्ये चेहरा दाखवूनही होते. कष्टाने बोटांच्या रेषा झिजलेल्या म्हाताऱ्या माणसांसाठी हा चेहऱ्याचा मार्ग फार कामाचा आहे. लँड सीडिंगपुढे 'नो' असेल तर बँकेत जाऊन उपयोग नाही, सातबारा-आठ अ घेऊन तालुक्याला जावं लागेल. 'आरएफटी साईन्ड बाय स्टेट' दिसलं तर राज्याने मागणी पाठवली आहे. 'एफटीओ जनरेटेड' दिसलं तर पैसा निघाला आहे, थोडे दिवस थांबा. मदतीचा क्रमांक १५५२६१.

मध्येच एक सांगून टाकतो, कारण बाया हे रोज विचारतात. लाडकी बहीणचे १,५०० ऐवजी ५०० च का आले? ज्या बाईच्या स्वतःच्या नावाने पीएम-किसान आणि नमोचे मिळून महिना हजार पडतात, तिला फरकाचे ५०० मिळतात. अर्ज चुकलेला नाही.

आणि व्हॉट्सॲपवर 'पीएम किसान' नावाची एपीके फाईल आली तर ती उघडू नका. खातं रिकामं होतं.

ई-पीक पाहणी: शेतात उभं राहून करायचं काम

माझ्या मते सगळ्यात दुर्लक्षित आणि सगळ्यात कामाची पायरी हीच. १५ ऑगस्ट २०२१ पासून पिकाची नोंद शेतकऱ्याने स्वतः मोबाईलवरून करायची आहे. ई-पीक पाहणीचं ॲप घ्या, खातं आणि गट निवडा, पीक, क्षेत्र, लागवडीची तारीख आणि पाण्याचं साधन भरा, आणि बांधावर नाही, पिकात उभं राहून फोटो काढा. घरी बसून फोटो काढला तर ॲप अंतर दाखवतं आणि घेत नाही. शिवारात नेट नसेल तर माहिती जतन करा आणि गावात येऊन अपलोड करा. चूक झाली तर ४८ तासांत स्वतः दुरुस्त करता येते.

कापसात तुरीच्या ओळी टाकतो आपण, आणि नोंद मात्र नुसत्या कापसाची करतो. मिश्र पीक म्हणून दोन्ही भरा. केळीवाल्यांनी बाग जुनीच आहे म्हणून सोडून देऊ नका, प्रत्येक हंगामात नोंद बघा. पाण्याच्या साधनात विहीर असताना 'कोरडवाहू' टाकलं तर नुकसान झाल्यावर बागायतीचा दर मिळवताना तीच नोंद आडवी येते.

हे किती महत्त्वाचं, ते २०२३ च्या खरिपाने दाखवलं. कापूस आणि सोयाबीनला सरकारने अर्थसाहाय्य दिलं, २० गुंठ्यांच्या आत १,००० रुपये आणि त्यापुढे हेक्टरी ५,०००, दोन हेक्टरपर्यंत. सुरुवातीची यादी ई-पीक पाहणीवरूनच निघाली. शेतात कापूस कमरेएवढा, पण मोबाईलवर नोंद नाही, म्हणून कितीतरी जण बाहेर राहिले. पुढे सातबाऱ्यावर नोंद असलेल्यांनाही घेतलं, पण त्यासाठी किती हेलपाटे पडले ते ज्याचं त्याला ठाऊक.

महाडीबीटी: ठिबकच्या उदाहरणाने

ठिबक, तुषार, रोटाव्हेटर, ट्रॅक्टर, कांदाचाळ, फळबाग, शेततळं, सगळ्याचा दरवाजा एकच, महाडीबीटी हे राज्याचं संकेतस्थळ. आता त्यात फार्मर आयडीने शिरायचं असतं. अर्जाचं शुल्क २३ रुपये ६० पैसे. पूर्वी लॉटरी निघायची, २०२५ पासून आधी अर्ज करेल त्याला आधी, असं आहे. म्हणजे "बघू दिवाळीनंतर" म्हणणारा मागे पडतो.

ठिबकचं सविस्तर सांगतो, कारण केळी असो की हंगामपूर्व कापूस, ठिबकशिवाय आपलं पानही हलत नाही, आणि सगळ्यात जास्त पैसा इथेच बुडतो.

केंद्राचं अनुदान अल्प व अत्यल्प भूधारकांना ५५ टक्के आणि इतरांना ४५ टक्के. त्यावर राज्य मुख्यमंत्री शाश्वत कृषी सिंचन योजनेतून अनुक्रमे २५ आणि ३० टक्के घालतं. म्हणजे दोन हेक्टरपर्यंत जमीन असलेल्याला ८० टक्के, त्यावरच्याला ७५. मर्यादा पाच हेक्टर. पण हे टक्के बिलावर नसतात, सरकारने ठरवलेल्या मापदंडावर असतात, आणि मापदंड दोन नळ्यांमधल्या अंतरावर ठरतो. समजा तुमच्या क्षेत्राचा मापदंड एक लाख बसला आणि दुकानदाराने बिल एक लाख वीस हजारांचं केलं. अनुदान ८०,००० च मिळणार, खिशातून ४०,००० जाणार. "ऐंशी टक्के सरकार देतं, घ्या अजून दोन फिल्टर," असं दुकानात कोणी म्हटलं तर हा हिशोब आठवा.

आता पायऱ्या. अर्ज करताना घटक, गट, क्षेत्र, पीक आणि दोन ओळींतलं अंतर नीट भरा. निवड झाली की मोबाईलवर संदेश येतो. इथे एक गंमत आहे. निम्म्या अर्जांवर नंबर केंद्रवाल्याचा असतो, आणि संदेश त्याच्या मोबाईलमध्ये शेकडो संदेशांखाली गाडला जातो. मुदतीत कागद चढवले नाहीत तर अर्ज रद्द होतो. म्हणून नंबर स्वतःचाच द्या. कागद म्हणजे सातबारा, आठ-अ, कोटेशन, सामाईक असल्यास संमतीपत्र आणि लागू असेल तर जातीचा दाखला. मग छाननी होते आणि पूर्वसंमती मिळते. पूर्वसंमती आल्यावरच खरेदी करायची. अधिकृत विक्रेत्याकडून, आयएसआय चिन्हाचं साहित्य, जीएसटीचं पक्कं बिल. संच बसवा, बिल चढवा, मग सहायक कृषी अधिकारी, म्हणजे आपले पूर्वीचे कृषी सहायक, शेतावर येऊन मोका तपासणी करतात आणि फोटो घेतात. त्यानंतर पैसा आधारच्या खात्यात.

'पूर्वसंमती आल्यावरच' हे मी जोर देऊन लिहितोय, कारण मी स्वतः तिथे हात पोळून घेतलाय. मे महिन्याची वीस-बावीस तारीख, हंगामपूर्व कापूस लावायची घाई, संमती यायची बाकी. दुकानदार म्हणाला, "नळ्या घेऊन जा दादा, बिल नंतरच्या तारखेचं फाडू." नळ्या टाकल्या, कापूस लावला. संमती जूनच्या शेवटी आली. तोवर दुकानदाराच्या संगणकात मेच्याच तारखेचं बिल निघून बसलेलं, जीएसटीत भरलेलं. तारीख बदलता येईना. तपासणीला आलेल्यांनी नळ्यांवरचा दोन महिन्यांचा गाळ बघितला, बिलाची तारीख बघितली आणि मान हलवली. अर्ज गेला. नळ्या अजून शेतात आहेत, पूर्ण पैसे मोजलेल्या. घाई असेल तर त्या वर्षी जुन्या नळ्यांना जोड मारून भागवा, पण संमतीच्या आधी बिल नको. आणि त्याच क्षेत्रावर एकदा ठिबकचं अनुदान घेतलं की पुन्हा सात वर्षांनी मिळतं, हेही ध्यानात ठेवा. जमीन विकत घेतली असेल तर आधीच्या मालकाने त्या गटावर अनुदान घेतलंय का, ते विचारून घ्या.

अवजारांनाही हीच वाट. लहान शेतकरी, महिला, अनुसूचित जाती-जमाती यांना ५० टक्के आणि इतरांना ४० टक्के किंवा ठरलेली कमाल रक्कम, यातलं जे कमी असेल ते. ट्रॅक्टरच्या बाबतीत ही कमाल रक्कम किमतीच्या मानाने इतकी थोडी असते की केवळ अनुदानासाठी ट्रॅक्टर काढू नका.

नंदुरबार, साक्री, तसंच शिरपूर, चोपडा, यावल, रावेरच्या सातपुड्याकडच्या भागातल्या आदिवासी शेतकऱ्यांनी महाडीबीटीवरच बिरसा मुंडा कृषी क्रांती योजना बघावी. अनुसूचित जाती व नवबौद्धांसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर कृषी स्वावलंबन योजना आहे. नवीन विहिरीचं अनुदान अडीच लाखांवरून २०२४ मध्ये चार लाख झालं. अक्कलकुवा, धडगावकडे ज्यांच्याकडे सातबारा नाही पण वनपट्टा आहे, त्यांनी "आपल्याला नाही" असं समजून बसू नये. पीएम-किसानला वनहक्क कायद्याचे पट्टेधारक पात्र आहेत.

सौर पंपाचा अर्ज मात्र महाडीबीटीवर नाही, महावितरणकडे. 'मागेल त्याला सौर कृषी पंप'मध्ये सर्वसाधारण शेतकऱ्याने १० टक्के भरायचे आणि अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्याने ५. अडीच एकरापर्यंत तीन अश्वशक्ती, पाच एकरापर्यंत पाच आणि पुढे साडेसात.

गारपीट, अतिवृष्टी, वादळ: भरपाईची वाट वेगळी

इथे अर्ज नसतो, पंचनामा असतो. तलाठी (आता ग्राम महसूल अधिकारी), ग्रामसेवक (आता ग्रामपंचायत अधिकारी) आणि सहायक कृषी अधिकारी असे तिघं मिळून तो करतात. नुकसान ३३ टक्क्यांवर असावं लागतं. केंद्राच्या निकषाने हेक्टरी दर कोरडवाहूला ८,५००, बागायतीला १७,००० आणि फळबागेला २२,५००. राज्य कधी यात भर घालतं, कधी क्षेत्राची मर्यादा वाढवतं, त्यामुळे त्या त्या वेळचा शासन निर्णय बघा.

पंचनाम्याचे लोक येतील त्या दिवशी शेतात हजर राहा. केळीचे खांब आडवे झालेत, तर ते येण्याआधी शेत साफ करू नका. थांबणं शक्यच नसेल तर तारीख-वेळ दिसेल असे फोटो आणि व्हिडिओ काढून ठेवा आणि तलाठ्याला लेखी कळवा. पंचनाम्यात क्षेत्र आणि पीक काय लिहिलं ते तिथल्या तिथे वाचून घ्या. एक हेक्टर वीस आर बागायत केळीचं 'एक हेक्टर जिरायत' झालं, तर यादी लागल्यावर ते बदलणं म्हणजे डोंगर पोखरणं.

यादी लागली की नावापुढे विशिष्ट क्रमांक असतो, लोक त्याला व्हीके नंबर म्हणतात. तो घेऊन सेतू किंवा सीएससी केंद्रावर ई-केवायसी करायची आणि पावती जपून ठेवायची. फार्मर आयडी असलेल्यांना २०२५ पासून ही ई-केवायसी माफ केली आहे. आयडी पूर्ण काढा म्हटलं, त्याचं हे अजून एक कारण.

मदतीची रक्कम कर्जखात्यात वळवू नका, असं सरकार अशा शासन निर्णयात बँकांना बजावतं. तरी शाखेत 'होल्ड' लागतो. आमच्याकडे एका शाखेने गावातल्या कितीतरी जणांचा पैसा असाच धरून ठेवला होता. तोंडी भांडून काही झालं नाही. त्या शासन निर्णयाची प्रत जोडून लेखी अर्ज दिला, पोच घेतली आणि दुसरी प्रत तहसीलदारांना दिली. चार दिवसांत होल्ड निघाला.

केळीचा हवामान आधारित विमा ही भरपाईपासून वेगळी गोष्ट. त्याचा हप्ता आपण स्वतः भरलेला असतो, सरकार वरचा भार उचलतं. थंडी आणि उष्णतेची भरपाई तुमच्या शेतातल्या तापमानावर नाही, महसूल मंडळातल्या हवामान केंद्राच्या आकड्यावर ठरते. तुमच्या बागेत पानं करपली आणि केंद्रावर पारा निकषाच्या आत राहिला तर काही मिळत नाही. रावेर-यावलकडच्या बागायतदारांचा जुना राग आहे तो यावरच, आणि मला तो रास्त वाटतो. गारपिटीचं मात्र वैयक्तिक असतं. त्यासाठी जादा हप्ता भरून संरक्षण घेतलेलं असावं लागतं, आणि ७२ तासांच्या आत कळवावं लागतं. कळवल्यावर मिळणारा नोंद क्रमांक लिहून ठेवा. मदत क्रमांक १४४४७. विमा भरताना सातबाऱ्यावरच्या केळीपेक्षा जास्त क्षेत्र दाखवू नका. पडताळणीत सगळाच प्रस्ताव उडतो.

अडलं तर कोणाकडे?

तक्रारीआधी कुठे अडलंय ते ठरवा. संकेतस्थळावर पैसा जमा दिसतो पण हातात नाही, तर बँक सीडिंग. अर्ज छाननीत पडून आहे, तर तालुका कृषी अधिकारी. लँड सीडिंग, वारस, नाव, पंचनामा, तर तहसील. चुकीच्या टेबलापुढे उभं राहून चार दिवस जातात, आणि तो टेबलवालाही तुम्हाला सांगत नाही की तुमचं काम माझ्याकडे नाही.

तोंडी विचारून झालं की लेखी द्या, आणि आवक क्रमांक-शिक्क्याची पोच घ्या. महिनाभरात हललं नाही तर लोकशाही दिन, म्हणजे अधिकाऱ्यांनी तक्रारी ऐकण्याचा दिवस, आहे. तहसीलला महिन्याच्या तिसऱ्या सोमवारी आणि जिल्हाधिकारी कार्यालयात पहिल्या सोमवारी. तिथे विषय एकच घ्या. ठिबक, हप्ता, रस्ता आणि भाऊबंदकी एका अर्जात कोंबली तर चारही विषय परत येतात.

एक वही करा. फार्मर आयडी, पीएम-किसानचा नोंदणी क्रमांक, महाडीबीटीचा अर्ज क्रमांक, विम्याच्या पावतीचा क्रमांक, व्हीके नंबर, सगळं एका पानावर, आणि कोणत्या नंबरवर ओटीपी येतो तेही. पासबुकात जमा झालेली रक्कम दिसली की त्यापुढे पेन्सिलीने लिहा, पीएम की नमो की भरपाई. बँकेच्या नोंदीत इंग्रजीतली चार अक्षरं असतात, दोन महिन्यांनी तुम्हालाच कळत नाही. मावशींनी त्यांच्या नातवाकडून अशी वही करून घेतली आहे. परवा सिमच्या दुकानात त्यांना पुन्हा अंगठा लावायला सांगितला, तर म्हणाल्या, "आधी काय लिहिलंय ते वाच, मग अंगठा."